जुना टीव्ही गेम आणि परवानगीचा प्रश्न

जुन्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की आपण आठवणींतच रमतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडं ज्याला 'टीव्ही गेम' म्हणायचे, तो बहुधा जपानात १९८३ साली आलेल्या निन्टेंडो फॅमिकॉमची स्वस्त नक्कल असायचा. कॅसेट चालेना की आपण फुंकर मारायचो. खरं तर काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा लावल्यामुळं. फुंकरीतला ओलावा पिनांना गंजच आणतो. त्यात आपला पावसाळा! पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसाव्यात.

जुनं सगळं दुरुस्त होतं, हाही भ्रमच. वायर, बटण, कपॅसिटर बदलता येतं. पण अनेक नकलांत सगळं काम काळ्या थेंबाखालची एकच चिप करते. ती गेली की संपलं.

मग जुन्याचं मोल कशात? ते कुणाची परवानगी मागत नाही. नवे कन्सोल चित्रांत, वेगात कितीतरी सरस, मान्य. पण २०२३ च्या प्लेस्टेशन ५ ला सुटी डिस्क ड्राइव्ह बसवली, तर ती आधी इंटरनेटवरून जोडून घ्यावी लागते. भामरागडात ऐन वेळी नेटवर्क नसेल तर?

म्हणून संग्राहकांना सांगतो, जुना गेम कपाटात सीलबंद ठेवू नका. उघडा, पोरांना तुटल्या वायरीला डाग द्यायला शिकवा. ती विद्या गेली, तर कपाटात नुसतं प्लास्टिक उरेल.