पियानोचा उजवा हात

सोप्रानो सॅक्सोफोन आणि पियानो यांच्यासाठी म्हणून आज जे शीट म्युझिक विकलं जातं, त्यातलं बरंचसं या दोन वाद्यांसाठी लिहिलेलंच नसतं. मुखपृष्ठावर सोप्रानोचं नाव असतं. आत सॅक्सोफोनचं सुटं पान असतं, तेही बिनचूक एक स्वर वर चढवलेलं, कारण सोप्रानो बी फ्लॅटमध्ये असतो आणि लिहिलेला सी त्यातून बी फ्लॅट होऊन बाहेर पडतो. पियानोचं पान मात्र ओबोच्या, बासरीच्या किंवा व्हायोलिनच्या आवृत्तीतून जसंच्या तसं उचललेलं. छापील पुस्तकांची जागा डाउनलोडने घेतल्यापासून हा प्रकार सरसकट झाला आहे. संगणकावर पट्टी बदलायला क्षणभर पुरतो. तोच पाखेलबेलचा ‘कॅनन’, तीच ‘आवे मारिया’, वाद्याचं नाव बदलून पुन्हा पुन्हा विकायला ठेवलेली. याला अरेंजमेंट म्हणायला माझा ठाम नकार आहे.

सोप्रानोसाठी रूपांतर करायचं तर सॅक्सोफोनच्या पानावर थोडं आणि पियानोच्या पानावर पुष्कळ काम करावं लागतं. सोप्रानोचा पल्ला मधल्या सी-खालच्या ए फ्लॅटपासून सुरू होतो आणि वर अडीच सप्तकांपेक्षा थोडा पुढे जातो. ओबोचा पल्लाही जवळजवळ हाच. म्हणून ओबोच्या रचना सोप्रानोवादकांच्या बोटांत सहज बसतात आणि ते त्या सर्रास उचलतात. पण बोटांत बसणं वेगळं आणि कानाला पटणं वेगळं. ओबोचा सूर बारीक आणि टोकदार असतो, पियानोच्या दाट कॉर्डमधूनही तो वाट काढतो. सोप्रानोची नळी ओबोसारखीच निमुळती, पण कितीतरी रुंद. तिचे खालचे पाच-सहा सूर भरदार, काहीसे दांडगे, आणि नेमक्या त्याच जागेत पियानोवादकाचा उजवा हात चालू असतो. मग गिचमीड होते. पियानोवादक बिचकून हळू वाजवतो. सॅक्सोफोनवादकही हळू फुंकू पाहतो, पण ते खालचे सूर हळू फुंकले तर फुटतच नाहीत. दोन चांगले कलाकार एकमेकांना वाट देत राहतात आणि रचना मधल्यामध्ये मरते. अशा वेळी आपण वादकांना दोष देतो. दोष कागदाचा असतो.

शूमानला हे पक्कं ठाऊक होतं. १८४९ मध्ये त्याने ओबो आणि पियानोसाठी तीन रोमान्स लिहिले. प्रकाशक झिमरॉकला मुखपृष्ठावर क्लॅरिनेटही हवा होता. शूमानने कळवलं की मुळात दुसऱ्या वाद्यासाठी लिहिलं असतं तर रचना पार वेगळी झाली असती. तरीही ओबोला पर्याय म्हणून व्हायोलिन आणि क्लॅरिनेट छापले गेलेच. आज त्या यादीत सोप्रानोची भर पडली आहे. पहिला रोमान्स फुंकणाऱ्याला श्वास घ्यायला जागाच देत नाही. ओबोला हवा इतकी थोडी लागते की वादकापुढे उरलेली शिळी हवा बाहेर टाकण्याचाच प्रश्न असतो. सोप्रानोचं उलट, तिथे दमसास संपतो. म्हणजे सुरावट कुठेतरी तोडावी लागणार, आणि ती तुटेल तेव्हा धागा पियानोने हातात घ्यावा अशी सोय अरेंजरने करायला हवी. मी पाहिलेल्या आवृत्त्यांत श्वासाच्या खुणेचा एक स्वल्पविराम आहे. पियानोत त्या जागी काहीही बदललेलं नाही.

मूळ सोप्रानोसाठीच लिहिलेल्या जुन्या रचना आहेत, त्या वाजवा, असं कोणी म्हणेल. सॅक्सोफोनचा निर्माता अडॉल्फ सॅक्स याच्या मित्राने, सँजलेने, १८५०-६० च्या दशकांत लिहिलेल्या कॅप्रिस आणि फँटसी परीक्षेला ठीक आहेत. त्यांत पियानो फक्त ठेका धरतो. फ्रेंच सॅक्सोफोनवादक मार्सेल म्यूलची रूपांतरं मुख्यतः आल्टोसाठी आणि वर्गातल्या तालमीसाठी. केनी जीच्या गाण्यांच्या वह्यांबद्दल बोलण्यासारखं काही नाही.

या जोडीची सर्वांत मोठी अरेंजमेंट कोणत्याही प्रकाशकाने मागवलेली नव्हती. ऑक्टोबर १९६० मध्ये जॉन कोल्ट्रेनने ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ ध्वनिमुद्रित केलं. रिचर्ड रॉजर्सची चाल जेमतेम वर्षभर जुनी, ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या ब्रॉडवेच्या नाटकातली, गोड आणि घरगुती. सगळे कोल्ट्रेनच्या सोप्रानोबद्दल बोलतात, त्या अनुनासिक, सनईच्या जवळ जाणाऱ्या सुराबद्दल. माझा कान दरवेळी त्याच्या पियानोवादकाकडे, मॅकॉय टायनरकडे जातो. टायनर दोन कॉर्डमध्ये झुलत राहतो. डावा हात खाली मोकळा, घणघणता. उजव्या हातातले कॉर्ड तुटक, लयीला धरून, मध्ये हवा खेळती ठेवणारे. सोप्रानोच्या मागे तो धावत नाही, त्याच्या सुरावटीला दुजोराही देत नाही. त्याच्या स्वतःच्या सोलोतही तो धावत्या सुरांच्या लडी फारशा लावत नाही, कॉर्डवर कॉर्ड ठेवत त्या झुलण्यातच राहतो. सोप्रानोचा सूर तिथे इतका उघडा, इतका आर्त वाटतो, कारण त्याच्या सप्तकात दुसरं कोणी गर्दी केलेली नाही. बास आणि ड्रम्स होतेच, पण सोप्रानोची जागा पियानोने राखली. आणि छापून काय मिळतं? बहुधा कोल्ट्रेनचं सोलो, सुरासुराने उतरवलेलं, वर कॉर्डची अक्षरं. टायनर नाहीच. ज्याने ही जोडी शक्य केली त्याचा हातच गाळून उरलेलं विकलं जातं.

दुसरं उदाहरण पियात्सोलाच्या ‘इस्त्वार द्यु टँगो’चं. मूळ बासरी आणि गिटारसाठी. बासरीचं काम सोप्रानोकडे देणं सोपं आहे, आणि ‘कॅफे १९३०’ सोप्रानोवर बासरीपेक्षाही सुरेख वाटतो असं मला वाटतं. त्या मंद, धुरकट चालीला रीडचा खर्ज हवाच होता. खरं काम गिटारचं पियानोवर आणण्याचं. गिटारचा सूर छेडला की लगेच विरतो. पियानोवर पेडल दाबलं की तो राहतो आणि पुढच्या सुरावर सांडतो. पहिल्या भागात गिटारवादक वाद्याच्या लाकडावर थापा देतो. पियानोवादकाने काय करावं? चांगल्या रूपांतरांत या प्रश्नाची उत्तरं दिसतात: थापेच्या जागी अगदी खालच्या सप्तकातला कोरडा, तुटक आघात, गिटारचे मधले सूर एक सप्तक खाली सरकवलेले, पेडलच्या खुणा मापून दिलेल्या. इथे कोणीतरी पियानोशी बसून विचार केला आहे हे पहिल्या ओळीत कळतं. गिटारच्या पानातून सरळ पियानो वाजवता येत नाही, म्हणून अरेंजरला काम करावंच लागलं. ओबोच्या पानातून वाजवता येतं, म्हणून तिथे कोणी काम करत नाही.

व्हिला-लोबोसच्या पाचव्या ‘बाखियानास ब्राझिलेइरास’मधल्या आरियाबाबतही हेच. एक स्त्रीस्वर आणि आठ चेलो. १९८६ मध्ये सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिसने ‘रोमान्सेस फॉर सॅक्सोफोन’ या रेकॉर्डवर ती सोप्रानोवर वाजवली. पण मार्सालिसमागे आख्खा ऑर्केस्ट्रा होता. तंतुवाद्यं सूर फुगवू शकतात, पातळ करू शकतात, सोप्रानोखालून निसटू शकतात. पियानोचा सूर एकदा वाजला की विरण्यापलीकडे काही करू शकत नाही. आरियाच्या मधल्या भागात गायिका एकाच सुरावर शब्द म्हणत जाते. शब्द गेले की उरतो तो ठोकल्यासारखा एकच सूर. चेलोंच्या हालचालीतून शब्दांचा ताण कुठला येतो ते शोधून पियानोत आणलं तरच सोप्रानोचा तो एक सूर जिवंत राहतो. शेवटी गायिका ओठ मिटून गुणगुणते. सॅक्सोफोनवादक सबटोनने, म्हणजे दबक्या, हवेशीर सुराने, ते साधू शकतो, पण पियानो त्याआधी अर्ध्यावर उतरलेला हवा. अशी सोय केलेली पानं फार थोडी. बाकीच्यांत आठ चेलो दोन हातांत कोंबलेले.

आता सर्वांत नेहमीचा आक्षेप. मूळ रचनाकाराचं पियानोचं पान पवित्र आहे, शूमानच्या उजव्या हाताला तुम्ही कोण हात लावणार? हा आक्षेप मला अप्रामाणिक वाटतो. ओबो काढून सोप्रानो ठेवला तेव्हाच तुम्ही रचनेला हात लावला. अर्धं मोडून अर्धं तसंच ठेवण्यात आदर नाही, आळस आहे. बाखने ई मेजरमधला व्हायोलिन कॉन्चेर्तो हार्पसिकॉर्डसाठी डी मेजरमध्ये आणला तेव्हा सुरावटींचे अलंकार आणि डावा हात नव्याने लिहिला. ब्राम्सचं उदाहरण तर या वादाचा निकालच लावतं. १८९४ मध्ये त्याने क्लॅरिनेट आणि पियानोसाठी दोन सोनाटा लिहिले. त्यांची व्हायोलिनची आवृत्ती करताना क्लॅरिनेटच्या सुरावटीत बदल करावे लागले, आणि ते झाल्यावर त्याने पियानोच्या पानातही बदल केले. स्वतःच्या पियानोच्या पानाला. ब्राम्सला जे आवश्यक वाटलं ते आजच्या अरेंजरला अनावश्यक वाटतं, तर त्याने तसं कारणासह लिहून दाखवावं.

या आळसाला आपल्याकडे एक जास्तीचा आधार मिळतो. हार्मोनियमच्या साथीची सवय असलेला आपला कान पियानोलाही साथीत बसवतो. हार्मोनियमवाला गायकाच्या मागून जातो, त्याची जागा भरतो, आणि त्या कलेत ते थोर कामच आहे. पण शूमान किंवा फ्रेंच रचनाकार पूलंकमध्ये पियानो मागून जात नाही; निम्मं वाक्य तोच बोलतो. मुंबईत किंवा पणजीत ग्रेडच्या परीक्षा देणारा सॅक्सोफोनचा विद्यार्थी आठवडे स्वतःचं पान घोटतो आणि पियानोवादकाला एक-दोनदा भेटतो. गुण फक्त सॅक्सोफोनला मिळतात. आता तर ध्वनिमुद्रित साथ विकत मिळते आणि मुलं तिच्यावर तयारी करतात. तिथे पियानोने वाट द्यायचा प्रश्नच मिटला.

हे आपल्याला शोभत नाही, कारण अरेंजर म्हणजे काय हे या किनाऱ्यावर कोणी शिकवण्याची गरज नाही. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन शिकलेली माणसं मुंबईच्या स्टुडिओंत आली. सेबॅस्टियन डिसोझांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे आणखी एक चाल चालती ठेवली. गायकाची पट्टी बदलली की आख्ख्या वाद्यवृंदाची मांडणी पुन्हा विचारात घ्यावी लागते, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मनोहारी सिंग तर स्वतः सॅक्सोफोनवादक आणि राहुलदेव बर्मन यांचे अरेंजर, दोन्ही होते. ती परंपरा माहीत असलेल्या शहरांत पट्टी सरकवलेलं पान ‘अरेंजमेंट’ म्हणून पैसे मोजून घेतलं जावं, याचा मला राग येतो.

प्रकाशकांकडे माझ्या मागण्या साध्या आहेत. पियानोचं पान कोणी लिहिलं त्याचं नाव छापा. मूळ पानातलं काय बदललं ते पहिल्या पानावर सांगा. पियानोवादकाच्या प्रतीत सोप्रानोची ओळ वाजते त्या सुरांत द्या. अनेक आवृत्त्यांत ती बी फ्लॅटमध्येच छापलेली असते आणि पियानोवादक जे वाचतो ते ऐकू येणाऱ्यापेक्षा एक स्वर वर असतं. कोणतंही पान सोप्रानोचं म्हणून विकण्याआधी एका पियानोवादकाला सोप्रानोसोबत वाजवायला द्या.

प्रकाशक हे करतील याची मला फारशी आशा नाही, म्हणून ही मागणी इथल्या पियानोवादकांकडेही करतो. पूलंकचा ओबो सोनाटा १९६२ चा, प्रोकोफिएव्हच्या स्मृतीला वाहिलेला, आणि सोप्रानोवर सर्वाधिक वाजवल्या जाणाऱ्या रचनांपैकी एक. पूलंक १९६३ च्या जानेवारीत गेला. युरोपात त्याचे हक्क अजून काही वर्षं चालतील. भारतीय कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी रचना मोकळी होते, म्हणजे २०२४ पासून पूलंक आणि त्याआधीच व्हिला-लोबोस इथे मोकळे आहेत. त्या सोनाटाच्या शेवटच्या भागातला उजवा हात सोप्रानोसाठी मुंबईत किंवा मडगावात बसून नव्याने लिहायला आज कोणाची परवानगी लागत नाही. लागतो तो सोप्रानोच्या खालच्या सुरांशी महिनोन् महिने वाजवून पाहणारा एक पियानोवादक, आणि त्या कामाचे पैसे द्यायला तयार असलेली एखादी संस्था.