महायुद्धाचा बाळबोध इतिहास आणि कुलाब्यांतील साधनें

शाळेंतील मुलांसाठीं दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे त्याचा साचा आतां ठरून गेला आहे. १९१९ चा व्हर्सायचा तह, हिटलरचा उदय, १ सप्टेंबर १९३९ रोजीं पोलंडवर स्वारी, ७ डिसेंबर १९४१ रोजीं पर्ल हार्बर, ऑगस्ट १९४५ मध्यें हिरोशिमा व नागासाकी, शेवटीं संयुक्त राष्ट्रसंघ आणि स्वाध्याय. यांतील एकही तारीख खोटी नाहीं. या तारखा कोणाच्या दप्तरांतून उचलल्या, एवढेंच आम्ही विचारतों; आणि हा प्रश्न साधनांचा असल्यामुळें या पानांतच त्याची चर्चा होणें योग्य आहे.

आरंभाचेंच पाहूं. युद्ध पोलंडांत सुरू झालें हें युरोपचें उत्तर झालें. चीनच्या दृष्टीनें तें ७ जुलै १९३७ रोजीं मार्को पोलो पुलापाशींच सुरू झालें होतें. मराठी मुलास ही तारीख सांगण्यास चांगलें कारणही आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं काँग्रेसनें पाठविलेल्या वैद्यकीय पथकाबरोबर त्याच युद्धांतील जखमींच्या शुश्रूषेस गेले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं चीनमध्येंच वारले. हिंदुस्थानापुरती तारीख आणखी निराळी. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीं येथील विधिमंडळास न विचारतां हा देश युद्धांत असल्याचें जाहीर केलें. मुंबई इलाख्यांतील बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ त्याच वर्षीं नोव्हेंबरांत बाहेर पडलें तें या निषेधार्थच. या तिन्ही तारखा पुढें ठेवून 'यांत खरा आरंभ कोणता?' असें मुलास विचारणारें पाठ्यपुस्तक आम्हांस हवें आहे.

आतां रोह्यासारखें गांव घ्या. कुंडलिकेच्या कांठचा हा तालुका रणांगणांपासून हजारों कोस दूर. तेथल्या मुलानें वरील साच्याचा इतिहास वाचला म्हणजे त्याची समजूत होते कीं, युद्ध दुसऱ्यांचें होतें, आपल्याकडे फक्त बातमी आली. पण जुलै १९४४ हा एकच महिना पाहावा. त्या महिन्याच्या १ पासून २२ तारखेपर्यंत अमेरिकेंत ब्रेटन वुड्स येथें ४४ राष्ट्रांची अर्थपरिषद भरली. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळांत रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. जन्म महाडजवळील नाते गांवचा, बाळपण बहुतेक रोह्याचें. परिषद चालू असतांनाच, १० जुलै रोजीं, इटलींत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे पडले. हे रोह्याच्या शेजारच्या माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे. त्यांच्या तुकडींतील बाकी सारे गडी मशीनगनच्या माऱ्यानें मेले किंवा जखमी झाले, तेव्हां ते एकटे तोफेवर धांवून गेले. हातबाँबनें तोफ व तोफची निकामी केले, एकास गोळी घातली, आणि काडतुसांची पेटी बदलण्यास वेळ नाहीं असें पाहून बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्यानें उरलेल्या दोघांस लोळविलें. लगेच दडून बसलेल्या नेमबाजांनीं त्यांस टिपलें. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांस मरणोत्तर मिळाला. माणगांवास त्यांचा पुतळा आहे.

घाडग्यांची कथा निदान पुतळ्यामुळें तरी टिकली. देशमुख ज्या प्रश्नासाठीं परिषदेस गेले, तो बाळबोध पुस्तकांतून पार गळाला आहे. ब्रिटन येथें माल व मनुष्यबळ घेई, त्याची किंमत लंडनांत स्टर्लिंगच्या खात्यावर लिहून ठेवी, आणि त्या नोंदीच्या जोरावर रिझर्व्ह बँक येथें नोटा छापी. माल बाहेर गेला, नोटा मागें राहिल्या, भाव चढले. युद्धाच्या अखेरीस हें येणें सुमारें १३० कोटी पौंडांवर गेलें होतें. त्यांतील कांहीं भाग तरी इतर देशांच्या चलनांत मोकळा व्हावा, असा आग्रह हिंदी प्रतिनिधींनीं ब्रेटन वुड्सला धरला. हा ऋणको-धनकोंचा आपसांतला मामला आहे, असें सांगून केन्स यांनीं तो परिषदेबाहेर ठेवला. आमच्या मतें युद्धकाळांतील रेशनकार्ड आणि लंडनमधील तें खातें हीं एकाच जमाखर्चाचीं दोन पानें आहेत. चौदा वर्षांच्या मुलास हें कळणार नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं वाण्याच्या मुलास एकदां विचारून पाहावें.

स्थानिक अभिमानानें लिहिणाऱ्यांचा दोष उलट बाजूचा आहे. ते घाडग्यांचें शौर्य सांगतात आणि तें कोणाच्या सैन्यांतून, कोणाच्या हुकुमावरून गाजविलें हें सांगावयाचें टाळतात. याच जिल्ह्यांतील माथेरानचे भाई कोतवाल त्याच सरकारविरुद्ध लढतांना २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर गोळीबारांत मेले. (कुलाब्याचें नांव १९८१ पासून रायगड झालें आहे.) अठरा महिन्यांच्या अंतरानें झालेले हे दोन मृत्यू एकाच धड्यांत, एकासही कमी न लेखतां सांगणें अवघड आहे खरें, पण तें टाळून लिहिलेला धडा म्हणजे पोवाडा झाला.

पहिल्या महायुद्धाची उपेक्षा तर याहून मोठी. जर्मनांच्या 'वुल्फ' नांवाच्या जहाजानें फेब्रुवारी १९१७ मध्यें मुंबईच्या समुद्रांत सुरुंग पेरले, आणि २३ जून रोजीं त्यांतील एकावर आदळून 'मंगोलिया' ही टपालबोट मुंबईच्या दक्षिणेस सुमारें पन्नास मैलांवर बुडाली. म्हणजे युद्ध आमच्या किनाऱ्यालगत येऊन गेलें होतें. त्याच्या आदल्या वर्षीं, २९ एप्रिल १९१६ रोजीं, इराकांत कूत येथें जनरल टाउनशेंड शरण गेले, तेव्हां तुर्कांच्या हातीं लागलेल्या सुमारें १३,००० माणसांत बहुसंख्य हिंदी होतीं, आणि वेढ्यांत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या.

यांचे कागद कोठें आहेत? फ्रान्समधील हिंदी शिपायांचीं पत्रें टपाल-तपासनिसांनीं उघडलीं व त्यांचे इंग्रजी उतारे केले. ते लंडनांत जपलेले आहेत. पंजाबांतील सुमारें ३,२०,००० शिपायांच्या नोंदी लाहोरच्या संग्रहालयांत पडून होत्या, त्या २०२१ मध्यें उजेडांत आल्या. कोंकणचें साधन शोधावयाचें तर घरोघर जावें लागेल: सुटकेचे दाखले, पेन्शनबुकें, मनिऑर्डरीच्या पावत्या, गांवांतून किती जण गेले व किती परतले नाहींत हें सांगणाऱ्या शिळा. पहिल्या युद्धाच्या रुपेरी पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण असते, आणि चांदी म्हणून तें सोनाराकडे गेलें कीं तें अक्षर वितळतें. आमचे संग्राहक मोडी दप्तराचा रुमाल दिसतांच डोळ्यांस लावतात, आणि १८१८ नंतरचा कागद म्हटला कीं त्यांत डाळ बांधूं देतात. हा दोष आमचाही आहे. एका घरीं ट्रंकेतला असा गठ्ठा न उलगडतां आम्ही वरची सनद तेवढी उतरून घेतली होती.

नकला करणाऱ्यांस एक सूचना. मराठी नांवें इंग्रज कारकुनांनीं कानांस लागतील तशीं लिहिलीं आहेत. इटलींत सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजीं व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे संगमनेर तालुक्यांतील निमजचे नामदेव जाधव यांचें आडनांवही इंग्रजी कागदांत एका तऱ्हेनें लिहिलेलें नाहीं. म्हणून मूळ अक्षर तसेंच उतरावें, घरच्या मंडळींकडून ऐकलेलें नांव वेगळें लिहावें, आणि पलटणीचा क्रमांक कधींही गाळूं नये. रोहा, माणगांव, पेण व महाड तालुक्यांतील असे कागद कोणास आढळल्यास मूळ प्रत घरींच राहूं द्यावी आणि नक्कल आमच्याकडे पाठवावी.