जननी की तारण? : सेनानींच्या चरित्रकथनातील ‘प्रदेश’

विशिष्ट भूमी विशिष्ट प्रकारची माणसे निपजवते, ही कल्पना चरित्रकथनाच्या परंपरेत फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील चिनी इतिहासकार बान गू याने ‘हान-शू’ या ग्रंथात काही सेनानींची चरित्रे सांगून झाल्यावर एक लोकमत नोंदविले : पर्वतांच्या पूर्वेस मंत्री निपजतात, पश्चिमेस सेनापती. या मताच्या पुष्ट्यर्थ त्याने नावांची आणि गावांची यादीच दिली. तिच्या आरंभी छिन राज्याचे दोन विख्यात सेनानी येतात : मेइ गावचा बाय छी आणि पिनयांगचा वांग जिएन. या पश्चिम प्रदेशाला रानटी मानल्या गेलेल्या टोळ्यांचा शेजार होता. त्यामुळे तेथील लोक घोडदौड आणि धनुर्विद्या यांत वाढले, असे कारणही तो देतो. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच समीक्षक तेन याने वंश, परिस्थिती आणि काल या त्रयीने साहित्याचा उलगडा करण्याचा प्रयत्न केला. त्यातील ‘परिस्थिती’चे सूत्र अठराशे वर्षांपूर्वीच्या या यादीत बीजरूपाने दिसते.

मराठीत या सूत्राचे सर्वपरिचित रूप म्हणजे ‘मावळ’. सह्याद्रीच्या कुशीतील खोऱ्यांनी काटक, निष्ठावान, डोंगर चढणारी माणसे घडविली आणि त्यांतून कान्होजी जेधे, बाजी पासलकर, बाजी प्रभू, तानाजी मालुसरे, येसाजी कंक असे वीर उभे राहिले, असा या कथनाचा सर्वसाधारण आकार आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मराठी सत्तेच्या उदयाची कारणे सांगताना डोंगराळ भूरचना व हवामान यांना स्थान दिले. त्यांच्याबरोबरच त्यांनी संतांच्या चळवळीलाही तितकेच महत्त्व दिले होते. पुढच्या लोकप्रिय लेखनात हा तोल राहिला नाही आणि भूमी हेच पुरेसे कारण होऊन बसले. प्रश्न असा, की ज्या संहितांच्या आधारे हे कथन उभे राहिले, त्या संहितांत भूमीचे स्थान खरोखर असे आहे काय?

आधी चिनी उदाहरण पाहणे उपयुक्त ठरेल, कारण तेथे सूत्र आणि मूळ चरित्रे ही दोन वेगळ्या ग्रंथांत आहेत. बान गूच्या सुमारे दोन शतके आधी सिमा छिएन याने ‘शी-ची’त याच सेनानींची चरित्रे लिहिली. त्यात जन्मगाव एका वाक्यात उरकले जाते. कथेचा भार असतो तो राजा आणि सेनानी यांच्यातील अविश्वासावर. इ. स. पू. २६० मध्ये चांगपिंगच्या युद्धात झाओ राज्याची सेना नष्ट करणाऱ्या बाय छीला पुढे आपल्याच राजाच्या आज्ञेने आत्महत्या करावी लागली. झाओचा ली मू हाही स्वतःच्या राजाकडूनच मारला गेला. छूवर चालून जाण्यासाठी वांग जिएनच्या हाती सहा लक्ष सैन्य देण्यात आले, तेव्हा त्याने राजाकडे उत्तम शेते आणि घरे मागण्याचा धडाका लावला. वाटेतूनही त्याने पुनःपुन्हा दूत पाठविले. हे जरा अती होते आहे, असे कोणी सुचविताच त्याने खुलासा केला. राजा संशयी आहे आणि सारे सैन्य आपल्या हाती आहे. मुलाबाळांसाठी जमीन मागणारा माणूस बंड करणार नाही, अशी त्याची खात्री पटावी, एवढाच त्या मागण्यांचा हेतू होता.

येथे भूमी वीराची जननी म्हणून येत नाही. ती येते तारण म्हणून. सेनानी आपले भवितव्य राजाने दिलेल्या जमिनीत गुंतवतो आणि त्या गुंतवणुकीतून विश्वास निर्माण होतो. बान गूच्या सूत्राला छेद देणारे नावही सिमा छिएनच्या ग्रंथात आहे. छिनचा प्रसिद्ध सेनानी मंग तिएन याचा आजा पूर्वेकडील छी राज्यातून येऊन छिनच्या सेवेत रुजू झाला होता. पश्चिमेचा सेनापती, पण मूळ पूर्वेचे. प्रदेशाची यादी करताना अशी नावे गाळावी लागतात.

मावळच्या संहितांकडे याच दृष्टीने पाहता येते. भोरनजीकच्या कारी गावचे कान्होजी जेधे हे रोहिडखोऱ्याचे देशमुख. १६५९ मध्ये अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी त्यांना आदिलशाहीकडून खानाला मिळण्याचे फर्मान आले. जेधे घराण्याच्या करीन्यात यापुढचा प्रसंग आहे : कान्होजी आपल्या मुलांसह शिवाजी महाराजांकडे गेले आणि त्यांनी आपल्या वतनावर पाणी सोडले. हा प्रसंग निष्ठेचा आदर्श म्हणून पुष्कळदा सांगितला गेला आहे. पण संहितेच्या रचनेत त्याचे कार्य वांग जिएनच्या मागणीच्या नेमके उलट, आणि म्हणूनच तिच्याशी समांतर आहे. एकाने विश्वास मिळविण्यासाठी जमीन मागितली, दुसऱ्याने त्यासाठीच ती सोडली. दोन्हीकडे जमीन हे विश्वासाचे मोजमाप आहे. वतनावर पाणी सोडण्याला जो अर्थ येतो, तो वतन गमावण्याचे भय खरे असल्यामुळेच. डोंगर आणि हवा यांवर कोणालाच पाणी सोडता येत नाही.

त्याच रोहिडखोऱ्यातील उत्रवळीचे खंडोजी खोपडे मात्र खानाला मिळाले. माती तीच, खोरे तेच, देशमुखीचा पेशाही तोच, आणि निर्णय विरुद्ध. भूमीच्या सूत्राने वाचणाऱ्या लेखकाला खोपड्यांचे काय करावे हे कळत नाही. तो त्यांना अपवाद म्हणून बाजूला सारतो किंवा खलपुरुष करतो. करीन्याच्या तर्कात मात्र ते पूर्णतः आकलनीय आहेत. त्यांनी वतनाचे तारण दुसऱ्या दरबारी ठेवले, इतकेच. पुढे त्यांच्या जिवासाठी रदबदली कान्होजींनी केली, ही परंपरेने जपलेली आठवणही हे दोन पक्ष एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होते असे सुचविते.

करीना हा साहित्यप्रकार या ठिकाणी ध्यानात घ्यावयास हवा. घराण्याचा हक्क आणि मान सिद्ध करण्यासाठी सांगितलेली ती हकीकत असते. पावनखिंडीच्या लढाईनंतर (१३ जुलै १६६०) तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांकडून बांदलांकडे गेला, ही हकीकत जेधे परंपरेत आवर्जून येते. त्यागाचे वर्णन करतानाच ती त्यागाची नोंद करून ठेवते. या संहितेत वीर ‘मावळा’ म्हणून दिसत नाहीत. ते जेधे, बांदल, पासलकर असे, म्हणजे विशिष्ट हक्क असलेल्या घराण्यांचे लोक म्हणून दिसतात. मावळ हे त्यांच्यातील चुरशीचे क्षेत्र आहे.

बखरीत चित्र बदलते. कृष्णाजी अनंत सभासदाने राजारामाच्या सांगण्यावरून जिंजी येथे १६९७ च्या सुमारास बखर लिहिली. तिच्यात घराण्याचा हक्क मागे पडून राज्याची व्यवस्था पुढे येते. तानाजी मालुसरे तेथे मावळ्यांचा हजारी म्हणून प्रवेश करतो. ‘मावळा’ हे येथे पायदळाच्या एका प्रकाराचे नाव आहे, मातीचा गुणधर्म नाही. कोंढाणा घेताना कडा चढतात ती निवडलेली दोन माणसे. घोरपड तेथे नाही. तानाजीच्या मृत्यूनंतर राजाच्या तोंडी जो शोक येतो, त्याचा आकारही लक्षणीय आहे. तो एका गडाच्या बदल्यात दुसरा गड गमावल्याचा हिशेब मांडतो. गड आणि माणूस एकाच मापाने मोजले जातात. राज्याच्या खतावणीत जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात, आणि दुःखही त्याच भाषेत व्यक्त होते.

पुढच्या परंपरेने या वाक्यातील दुसरा गड काढून तेथे सिंह बसविला. सिंहगड हे नाव १६७० पूर्वीच्या पत्रव्यवहारात आढळते, त्यामुळे हा बदल नावाच्या उगमाची कथा म्हणून टिकत नाही. त्याचे महत्त्व रूपकाच्या पातळीवर आहे. विनिमयाच्या प्रतिमेची जागा निसर्गाच्या प्रतिमेने घेतली. गड देता-घेता येतो, सिंह मात्र जन्मावा लागतो. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात उमरठे गाव, रायबाचे लग्न, शेलारमामा, यशवंती घोरपड ही सारी सामग्री येते आणि हजारीचा हुद्दा असलेला अधिकारी एका गावचा, एका गोतावळ्याचा पुरुष होतो. पोवाडा हा श्रोत्यांसमोर उभा राहणारा प्रकार असल्यामुळे ही त्याची गरजच होती. श्रोत्याला स्वतःला ज्यात पाहता येईल असे गाव आणि असे लग्नघर त्याला हवे असते. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीने विसाव्या शतकाच्या आरंभी सिंहाची प्रतिमा शीर्षकातच आणली, आणि पाठ्यपुस्तकांपर्यंत तीच पोचली.

या प्रवासात प्रदेशाची सीमाही हलली. तानाजीचे उमरठे आज पोलादपूर तालुक्यात, रायगड जिल्ह्यात, म्हणजे घाटाखालच्या कोकणात आहे. मावळ्यांचा सर्वांत प्रसिद्ध नायक भूगोलाच्या काटेकोर अर्थाने मावळच्या बारा खोऱ्यांत बसत नाही. ‘मावळ’ नकाशावरून संहितेत आले आणि संहितेने त्याचा नकाशा नव्याने काढला.

नेतोजी पालकर हा या नव्या नकाशात न मावणारा सेनानी. १६६६ मध्ये तो मोगलांकडे गेला, महंमद कुलीखान झाला आणि १६७६ मध्ये परत आला. भूमीच्या सूत्रात ही दहा वर्षे केवळ लाज किंवा कोडे ठरतात. झाओच्या लिएन पो याचे चरित्र येथे आठवण्याजोगे आहे. तो वेइत गेला, मग छूत गेला. तेथे सेनापतिपद मिळूनही त्याच्या हातून काही घडले नाही, आणि आपल्याला झाओची माणसे हवी होती, अशी खंत त्याने बोलून दाखविली. सिमा छिएन त्याला द्रोही ठरवत नाही. प्रदेश हा रक्तात नसून सेनानी आणि सैनिक यांच्यातील परिचयात असतो, हे तो एका खंतीतून दाखवितो. नेतोजीवर असे लेखन मराठीत होण्यासाठी आधी सिंहाची प्रतिमा बाजूला ठेवावी लागेल.

हा प्रश्न जुन्या संहितांपुरता नाही. १९८० नंतरच्या देशीवादाच्या चर्चेने भूमीला समीक्षेची मूल्यसंज्ञा केले. त्या चर्चेने वसाहतकालीन अनुकरणावर केलेली टीका आवश्यक होती. पण ‘भूमी’ या शब्दाचे हक्क आणि माती असे दोन अर्थ तिने नेहमी वेगळे ठेवले नाहीत. नवी मुंबईसारख्या शहरात हा भेद डोळ्यांसमोर असतो. वाशी-तुर्भ्याच्या बाजारात जावळी-पाटणकडून आलेला माथाडी कामगार पोवाड्यातील गाव मागे ठेवून आला आहे. त्याच शहरासाठी १९७० नंतर ज्यांची भातशेती आणि मिठागरे संपादित झाली, त्या आगरी-कोळी गावांनी जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात माणसे गमावली आणि साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळविला. या दोन्ही समूहांसाठी भूमी ही कागद, मोबदला आणि शब्द पाळला जाण्याची बाब आहे. त्यांच्या आजच्या लेखनाला मातीच्या गुणांचे सूत्र लावले तर त्यातील नेमका संघर्षच अदृश्य होतो.

म्हणून प्रादेशिक वीरकथेच्या वाचनात कोणत्या भूमीने हा वीर घडविला, हा प्रश्न दुय्यम मानावा लागतो. भूमीवर कोणाचा कोणता हक्क होता, तो कोणी कोणाकडे तारण ठेवला आणि संहितेने ती नोंद केव्हा पुसली, हे आधी पाहावे लागते. जेध्यांच्या करीन्यात ती नोंद शिल्लक आहे. सिंहाच्या प्रतिमेखाली ती शोधावी लागते, आणि तेथे जेधे व खोपडे ही दोन्ही नावे एकत्रच सापडतात.