रुग्णवाहिकेतील रक्तसाठवण : तीन चाचण्यांच्या वाचनातील एक उणीव

अतिरक्तस्रावाच्या रुग्णास रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच रक्तघटक द्यावेत काय, या प्रश्नावर तीन चाचण्यांचा वारंवार आधार घेतला जातो. अमेरिकेतील 'पॅम्पर' व 'कॉम्बॅट' या चाचण्यांचे निष्कर्ष २०१८ मध्ये, तर ब्रिटनमधील 'रिफिल'चे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पॅम्परमधील ५०१ रुग्णांत तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण नेहमीच्या उपचारगटात ३३ टक्के, तर प्लाझ्मा मिळालेल्या गटात २३.२ टक्के आढळले. उरलेल्या दोन चाचण्यांत असा लाभ दिसला नाही. यावरून 'दोनास एक' असा प्रतिकूल कौल काढणे सोपे असले, तरी ते सदोष आहे.

याचे कारण असे की, तिन्ही चाचण्यांत वाहनात ठेवलेली वस्तू एकच नव्हती. पॅम्परच्या हेलिकॉप्टरांत आधीच वितळवलेला प्लाझ्मा होता. तो १ ते ६ अंश सेल्सिअसमध्ये ठेवून सुमारे पाच दिवसांत वापरावा लागतो. डेन्व्हर शहरातील कॉम्बॅटमध्ये गोठवलेला प्लाझ्मा रुग्णवाहिकेतच वितळवला जाई. रिफिलमध्ये तांबड्या पेशींसोबत शुष्क प्लाझ्मा होता. तांबड्या पेशींना शीतपेटी अनिवार्य असते. शुष्क प्लाझ्मा २ ते २५ अंशांत टिकतो, मात्र देण्यापूर्वी तो द्रवात विरघळवावा लागतो. अर्थात, रक्तघटक रुग्णाच्या शरीरात केव्हा व कोणत्या स्थितीत पोहोचणार, हे बऱ्याच अंशी साठवणीवरच ठरते.

२०२० मध्ये दोन्ही अमेरिकी चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात, प्रवास वीस मिनिटांहून अधिक असल्यास प्लाझ्माचा लाभ दिसून आला. हा निष्कर्ष मोलाचा आहे. तथापि लांबचे प्रवास प्रामुख्याने हेलिकॉप्टरचे होते आणि तयार प्लाझ्माही तेथेच होता. त्यामुळे श्रेय प्रवासकाळाचे किती व साठवणीचे किती, हे त्यातून वेगळे करता येत नाही.

या चाचण्यांच्या आधारे अन्यत्र धोरण आखताना ही उणीव गंभीर ठरते. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेथे उभ्या वाहनात शुष्क प्लाझ्माचीही २५ अंशांची मर्यादा सहज ओलांडली जाईल, तर तांबड्या पेशींत रक्तविलयन व जंतुवाढीचा धोका वाढेल. अशा ठिकाणी 'रक्त उपयुक्त की निरुपयोगी' हा प्रश्न अपुरा आहे. कोणता घटक, किती तापमानात, किती वेळ ठेवला होता, याची नोंद निष्कर्षाच्या शेजारीच असावयास हवी. तिच्या अभावी परक्या हवामानातील आकड्यांवर आपल्या रुग्णांचे भवितव्य ठरवणे उचित होणार नाही.