डबा, बाटली आणि पातळ पेज

‘द बेबी किलर’ ही माइक म्यूलर यांची छोटी पुस्तिका ‘वॉर ऑन वॉन्ट’ या ब्रिटिश संस्थेने १९७४ साली प्रसिद्ध केली. पावडरच्या दुधाच्या प्रचारापायी गरीब देशांतली तान्ही मुले कशी दगावतात, हा तिचा विषय. शिक्षकांनी ती आजही वाचावी, पण जरा पारखून वाचावी.

पुस्तिकेचे बळ कार्यकारणभाव उलगडण्यात आहे. पावडर काही विषारी नसते. पण डबा महाग, म्हणून आई पावडर कमी आणि पाणी जास्त घालते. पाणी अशुद्ध, ते उकळायला सरपण नाही. मग जुलाब आणि कुपोषण एकमेकांना बळ देतात. शिवाय बाळ अंगावर जितके ओढते तितकेच दूध तयार होते. बाटली आली की ओढणे कमी, आणि आईचे दूधही आटते. परतीची वाट बंद! म्यूलर इथे आईला अडाणी ठरवत नाहीत. परिचारिकेच्या वेशात माल खपवणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांकडे बोट दाखवतात.

स्वित्झर्लंडमधल्या एका गटाने मात्र जर्मन अनुवादाला ‘नेसले बाळांना मारते’ असे नाव दिले. कंपनीने खटला भरला. १९७६ साली गटाला किरकोळ दंड झाला; न्यायाधीशांनी कंपनीलाही प्रचाराची पद्धत बदलायला बजावले. कारणांच्या साखळीतून एकच खुनी काढणे घोषणेला सोयीचे, विज्ञानाला नव्हे. तरीही या वादाने १९८१ च्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेची वाट मोकळी केली. भारताने १९९२ साली कायदा केला.

पुस्तिकेची खरी मर्यादा वेगळीच आहे. तिची नजर डब्यावर खिळलेली आहे. आपल्या खेड्यांत डबा नसलेल्या घरीही प्रश्न उरतो, तो उष्टावणाच्या वयात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, भारतातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी केवळ ४५.९ टक्के बाळांना आईच्या दुधासोबत वरचे अन्न मिळत होते. त्यातही पातळ पेज असेल, तर पोट भरते पण ऊर्जा मिळत नाही. म्हणजे पाणी वाढवलेल्या बाटलीचेच गणित!

हे वर्गात दाखवता येईल. नाचणीच्या दाट, कोमट लापशीचे दोन भाग करा. एकात मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीचे चमचाभर पीठ मिसळा. थोड्या वेळात ती पातळ होईल, कारण मोडांतले अमायलेज स्टार्च तोडते. पाणी न वाढवता पातळ झालेली ही लापशी पुन्हा उकळली, की बाळाला सहज गिळता येते आणि ऊर्जाही पुरेशी मिळते.

पुस्तिका वाचून मुलांनी घरच्या बाळाच्या वाटीत एकदा डोकावले, तरी वाचन सार्थकी लागेल.