अस्थिमूल ओपन बाइट : स्थैर्याच्या निकषाचे परीक्षण

मागील दाढा एकमेकींवर टेकल्या असताही वरच्या व खालच्या पटाशीच्या दातांत उभी फट राहते, त्या व्यंगास ओपन बाइट म्हणतात. वरच्या जबड्याच्या मागील भागाची उंची वाढून खालचा जबडा खाली व मागे फिरला असेल, तर व्यंगाचे मूळ दातांत नसून अस्थीत असते. अशा व्यंगास ऑर्थोडॉन्टिक उपचार पुरेसा होतो की शस्त्रक्रियाच करावी लागते, हा वाद जुना आहे. त्यात वारंवार आधारास घेतल्या जाणाऱ्या एका निबंधाचा येथे विचार करावयाचा आहे.

ग्रीनली, हुआंग व त्यांचे सहकारी यांनी २०११ साली २१ पूर्वप्रकाशित अभ्यासांचे एकत्रित संख्याशास्त्रीय विवेचन केले. उपचारानंतर किमान बारा महिन्यांनी फट मिटलेलीच आढळली, असे रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात ८२ टक्के व ऑर्थोडॉन्टिक गटात ७५ टक्के निघाले. या दोन आकड्यांवरून 'दोन्ही मार्ग जवळजवळ सारखेच' असा निष्कर्ष अनेकदा काढला जातो. वस्तुतः लेखकांनी स्वतःच तसे म्हटलेले नाही. दोन्ही गट निरनिराळ्या अभ्यासांतून व निरनिराळ्या प्रकारच्या रुग्णांतून आले असल्याने थेट तुलना शक्य नाही, हे त्यांनी स्पष्ट नोंदविले आहे. शस्त्रक्रिया झालेल्यांचे सरासरी वय तेवीस वर्षांच्या पुढे, तर इतरांचे सोळाच्या आसपास होते. एका गटाची वाढ बहुतांशी संपलेली, दुसऱ्याची चालू. तेव्हा उपचाराचा परिणाम व वाढीचा परिणाम वेगळे कसे करावयाचे?

याहून मूलगामी आक्षेप निकषासंबंधी आहे. पटाशीच्या दातांचे उभे आच्छादन हे दातांचे मोजमाप आहे. व्यंग मात्र अस्थीचे आहे. रबरी इलॅस्टिकच्या ओढीने पुढचे दात हिरडीबाहेर अधिक आणले, तरी फट मिटते. परंतु जबडा होता तेथेच राहतो. ल फोर्ट १ शस्त्रक्रियेने वरचा जबडा मागील बाजूस उचलला, तर खालचा जबडा आपणहून पुढे व वर फिरतो. दोन्ही ठिकाणी आच्छादनाचा आकडा एकच येऊ शकतो. किंबहुना प्रॉफिट व सहकाऱ्यांच्या २००० सालच्या अभ्यासात असे दिसले की, केवळ ल फोर्ट १ झालेल्या ज्या रुग्णांच्या चेहऱ्याची उंची पुढे वाढली, त्यांतील बहुतेकांत पटाशीचे दात आणखी बाहेर आल्यामुळेच आच्छादन टिकले. म्हणजे 'स्थिर' ठरलेल्या रुग्णांतही अस्थी स्थिर नव्हती.

अवधीचाही प्रश्न आहे. लोपेझ-गॅव्हिटो व सहकाऱ्यांनी १९८५ साली केवळ ऑर्थोडॉन्टिक उपचार झालेल्या ४१ रुग्णांची धारणसाधने काढल्यानंतर दहा वर्षांनी तपासणी केली, तेव्हा एक-तृतीयांशाहून अधिक जणांत तीन मिलिमीटर वा अधिक फट आढळली. तीन-साडेतीन वर्षांच्या सरासरीवर विसंबणाऱ्यांनी हे विसरू नये.

१९९९ मध्ये उमेमोरी, सुगावारा प्रभृती जपानी संशोधकांनी टायटॅनियमच्या लहान पट्ट्यांचा आधार घेऊन खालच्या दाढा अस्थीत तीन ते पाच मिलिमीटर दाबता येतात, असे दाखविले. त्यायोगे जबडा न कापताही तो फिरविण्याची वाट खुली झाली व दोन मार्गांमधील सीमारेषा सरकली. तथापि दाबलेल्या दाढाही काही अंशी परत वर येतात. बेक व सहकाऱ्यांच्या २०१० सालच्या अभ्यासात वरच्या दाढांबाबत यातील सुमारे ८० टक्के परतणे पहिल्याच वर्षी घडले. मात्र तेथे रुग्ण अवघे नऊ होते.

सारांश, 'कोणता उपचार टिकतो' या प्रश्नाआधी 'सुधारणा कोठे झाली' हा प्रश्न विचारावयास हवा. आच्छादनाबरोबर दाढांची उंची, चेहऱ्याच्या खालच्या भागाची उंची व खालच्या जबड्याचा कोन यांची प्रत्येक रुग्णागणिक नोंद असेल, तरच उत्तर मिळेल. आपल्या विभागातील प्रबंधांनी एवढी शिस्त पाळावी. कारण आकड्याच्या चुकीच्या वाचनाने एखाद्या तरुणाचा जबडा विनाकारण कापला जाईल, अथवा एखाद्याच्या दातांवर वर्षानुवर्षे तारा राहूनही फट पुन्हा उघडेल.