‘ओसाड खडक’ हा शब्द आधी तपासा



मागच्या मे महिन्यात मी पहाटे धरमपेठेतून निघून रामटेकच्या बाजूला एका उघड्या खडकावर गेले होते. फील्डबुकमध्ये नोंद केली : ‘वनस्पती – नाहीत.’ जुलैत दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर त्याच जागी परत गेले. मे महिन्यात जी काळपट खपली मला मळ वाटली होती, ते मॉस होतं आणि आता हिरवंगार झालं होतं. फटींतले वाळून गेलेले गवताचे बोटभर झुबकेही तरारले होते. माझी नोंद चुकली, कारण बघण्याआधीच मी एक शब्द डोक्यात घेऊन गेले होते : ओसाड. तो ज्या दस्तऐवजातून आला, त्याच्याबद्दल आज लिहिते आहे.

तो म्हणजे ‘वेस्टलँड्स ॲटलास ऑफ इंडिया’. केंद्राचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र मिळून तो काढतात. २०१९च्या आवृत्तीनुसार देशाची सुमारे १७ टक्के जमीन पडीक आहे. सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर हा आकडा टाकायचा मोह आपल्या सगळ्यांना होतो. टाकण्याआधी वर्गांची यादी वाचा. एकूण २३ वर्ग आहेत आणि त्यांत एक आहे ‘ओसाड खडकाळ क्षेत्र’. त्याच्या व्याख्येचा आशय असा : माती आणि वनस्पती बहुधा नसलेला उघडा खडक; जंगलात मोकळ्या जागेसारखा, किंवा पठारावर, मैदानात सुटा उभा असलेला.

आता दुसरं पुस्तक उघडा. स्टेफान पोरेम्ब्स्की आणि विल्हेल्म बार्थलॉट यांनी संपादित केलेलं ‘इन्सेलबर्ग्स’ (२०००). ‘इन्सेलबर्ग’ म्हणजे जर्मनमध्ये ‘बेट-डोंगर’. हा शब्द बोर्नहार्ट यांनी १९०० साली पूर्व आफ्रिकेतल्या कामातून रूढ केला. मैदानात सुटा उभा असलेला खडक! म्हणजे एका पुस्तकातला ‘ओसाड’ वर्ग दुसऱ्या पुस्तकात खास वनस्पतींचं घर आहे. पाणी पूर्ण आटलं तरी न मरणाऱ्या, पाऊस आला की पुन्हा जिवंत होणाऱ्या वनस्पतींची ही महत्त्वाची केंद्रं आहेत, असं हेच दोघे दाखवून देतात. अशांपैकी ‘ओरोपेशियम थोमेअम’ हे इवलंसं गवत भारतातही आढळतं. २०१५ साली त्याचा जीनोम ‘नेचर’मध्ये छापून आला. दुष्काळात टिकणाऱ्या पिकांचं उत्तर जगभरातले लोक अशा गवतांत शोधत आहेत. आपण त्यांच्या घराला पडीक म्हणतो.

मग ॲटलास खोटा आहे का? नाही, आणि टीका करताना इथेच जपून राहायला हवं. २००५-०६च्या फेरीत तिन्ही हंगामांतली उपग्रहचित्रं वापरली होती, म्हणजे ‘उन्हाळ्यातच पाहिलं’ हा आरोप टिकत नाही. (तो माझा दोष, त्यांचा नाही.) खरी अडचण मापाची आहे. त्या चित्राचा सर्वांत छोटा चौकोन साधारण साडेतेवीस मीटरचा. खडकावरचं जीवन मात्र वीतभर डबक्यात, बोटभर फटीत आणि नखाएवढ्या मातीत असतं. ते त्या चौकोनात दिसणारच नाही.

दुसरी अडचण तर्काची. पडीक जमिनीची सरकारी व्याख्या थोडक्यात अशी : बेताच्या प्रयत्नांनी हिरवी करता येईल, पण आज पुरेशी वापरात नसलेली किंवा बिघडत चाललेली जमीन. खडक यात कुठे बसतो? तो बिघडलेला नाही, त्याचं रूपच तसं आहे. त्याच यादीत बर्फाच्छादित आणि हिमनदीचं क्षेत्रही आहे. पण हिमनदीला पडीक समजून कुणी तिथे खड्डे खणायला जात नाही. खडकाच्या वाट्याला मात्र गिट्टीची खाण येते, नाहीतर वृक्षारोपणाचे खड्डे. दुसरं काम चांगल्या हेतूने होतं, पण त्यात फटीतली माती आणि तिच्यातलं बियाणं दोन्ही जातात.

सह्याद्रीत हे लवकर ओळखलं गेलं. अपर्णा वाटवे यांनी २०१३ मध्ये उत्तर सह्याद्री आणि कोकणातल्या खडकाळ पठारांचा आढावा प्रसिद्ध केला. कासचं पठार तर २०१२ पासून जागतिक वारसा आहे. पण कासचं माप उचलून विदर्भाला लावू नका. कास म्हणजे जांभा आणि धो धो पाऊस. तिथे सीतेची आसवं आणि गेंद फुलतात. आपल्याकडे नागपूरच्या पश्चिमेला बेसॉल्ट, तर पूर्वेला आणि उत्तरेला त्याहून कितीतरी जुने नाईस, शिस्ट. वर मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन. इथल्या उघड्या टेकड्यांवर साळई आणि पांढऱ्या खोडाची कढई उभी असते. ‘फुलांचा गालिचा नाही, म्हणून महत्त्व नाही’ असं ठरवलं, तर ॲटलासचीच चूक आपण वेगळ्या तऱ्हेने करू.

पोरेम्ब्स्की-बार्थलॉट यांचं ‘बेट’ही उपमा म्हणूनच वापरा. समुद्रातल्या बेटाभोवती पाणी असतं. आपल्या खडकाभोवती कापूस, गुरं आणि वणवा असतो. त्यामुळे किती प्रजाती येतात-जातात हे नुसत्या अंतरावर ठरणार नाही, भोवती काय चाललंय त्यावरही ठरेल. हा प्रश्न इथे राहून तपासण्यासारखा आहे.

तुमचा विषय दुसरा असला तरी कुठलीही तयार वर्गवारी उचलताना तीन गोष्टी विचारा. ती कशासाठी केली होती? तिचं सर्वांत छोटं माप केवढं? आणि त्या मापात न मावणारं काय असू शकतं?

मे महिन्यातली ती नोंद मी खोडलेली नाही. तिच्याखाली जुलैची तारीख घालून दुसरी लिहिली आहे. गाईडना दोन्ही दाखवल्या, तर ते म्हणाले, “प्रबंधात दोन्ही ठेव.”